बियाण्याच्या पिशवीला लेबल, सव्वा लाखाच्या गाडीला का नाही?



कापसाच्या बियाण्याची पिशवी ४७५ ग्रॅमची असते. किंमत हजाराच्या आसपास. एवढ्याशा पिशवीवरही लेबल असावेच लागते. वाण कोणते, लॉट नंबर काय, उगवणशक्ती किती टक्के, तपासणी कधी झाली, मुदत कधी संपते, हे छापल्याशिवाय ती विकता येत नाही. बियाणे उगवले नाही तर लेबल आणि पावती घेऊन तालुक्याच्या तक्रार समितीपुढे उभे राहता येते. न्याय मिळतो की नाही ही गोष्ट वेगळी. त्या समित्यांच्या पायऱ्या आम्हीही झिजवल्या आहेत. पण निदान भांडायला हातात कागद असतो.

आता बाजाराच्या गावी बॅटरीवरच्या दुचाकीची चौकशी करायला जा. किंमत लाख-सव्वा लाख. २०२५-२६ च्या हमीभावाने मध्यम धाग्याचा सोळा क्विंटल कापूस विकला तर तेवढा पैसा हातात येतो. कोरडवाहूत ते चार एकरांचे सगळे उत्पन्न, तेही खर्च वजा न करता. एवढ्या किमतीच्या वस्तूबद्दल दुकानदार एक ओळ लिहून देत नाही. सगळे तोंडी. गाडी किती चालेल, तोंडी. बॅटरी किती वर्षे टिकेल, तोंडी. बिघडली तर कोण दुरुस्त करील, तेही तोंडीच.

आमचे म्हणणे एवढेच आहे. गाडी घ्या असे आम्ही सांगत नाही, घेऊ नका असेही सांगत नाही. घ्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याचा आहे. दुकानदार माहिती दडवतो तेव्हा तो तुमचा हा अधिकारच काढून घेतो.

आम्ही काय पाहिले

आमच्या एका गावातील अंगणवाडी सेविका रोज जाऊन-येऊन तीस किलोमीटर प्रवास करते. पेट्रोलला पैसा पुरेना, म्हणून तिने बॅटरीची स्कूटर घ्यायचे मनात आणले. तिच्याबरोबर तिचे यजमान आणि आमच्यापैकी दोघे असे चौघे तालुक्याच्या गावी गेलो.

पहिली एजन्सी जुनी. पेट्रोलच्या गाड्यांची रांग बाहेर फुटपाथपर्यंत. बॅटरीची एकच गाडी होती, तीही आत कोपऱ्यात धूळ खात पडलेली. चालवून पाहू म्हटले तर चार्जिंग नाही. विक्रीवरचा पोरगा म्हणाला, "काकाजी, ही गाडी शहरातल्या लोकांची. खेड्यात टिकत नाही. पेट्रोलची घ्या, आजच्या आज हप्त्यावर देतो." ताईने विचारले, बॅटरी किती युनिटची आहे? त्याने उत्तर दिले ते तिच्या यजमानांकडे पाहून, "भाऊ, ते टेक्निकल असते. ताई, तुम्ही बसा, चहा घ्या." गाडी चालवणार ती, हप्ता भरणार ती, आणि तिच्या वाट्याला चहा!

दुसरे दुकान नवे, फक्त बॅटरीच्या गाड्यांचे. तिथे उलटा प्रकार. आत पाय टाकताच सरबत. "एका चार्जवर दीडशे किलोमीटर. मेंटेनन्स शून्य. बॅटरीला काही होतच नाही." आम्ही म्हटले, हे कोटेशनवर लिहून सही-शिक्का द्या. त्याचे हसू मावळले. "लिहून द्यायची सिस्टीम नाही."

तिसऱ्या दुकानातला तर वरताण. "लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. घरी कशाला चार्ज करता? शेतातल्या मोटारीच्या लाईनवर लावा, बिल शून्य!"

एक गिऱ्हाईकाला हाकलतो, दुसरा भुलवतो, तिसरा खड्ड्यात ढकलतो. तिघांच्या दुकानातून ताई बाहेर पडली तेव्हा तिला आत जातानापेक्षा एक अक्षरही जास्त माहीत नव्हते.

पेट्रोलवाला का टाळतो

हे फक्त आपल्या तालुक्यात घडते असे नाही. २०१८ साली 'नेचर एनर्जी' या शास्त्रीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांतल्या ८२ मोटारविक्रेत्यांकडे संशोधक साधे गिऱ्हाईक बनून १२६ वेळा गेले. त्यांना आढळले ते असे : विक्रेते विजेच्या मोटारीचा विषयच काढत नाहीत, काढला तर चुकीची माहिती देतात आणि गिऱ्हाईकाला पेट्रोल-डिझेलच्या गाडीकडे वळवतात. अमेरिकेत सिएरा क्लब या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १०० पैकी ६६ विक्रेत्यांकडे विकायला विजेची एकही मोटार नव्हती. तिकडचे गिऱ्हाईक शिकलेले, पैसेवाले, त्यांनाही हीच वागणूक. मग फाटक्या चपलेच्या माणसाला आमच्या शोरूममध्ये कोण विचारतो?

यामागे दुकानदाराचा साधा हिशेब आहे. पेट्रोलची गाडी विकली की गिऱ्हाईक वर्षानुवर्षे त्याच्या वर्कशॉपला बांधले जाते. इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच प्लेट. गाडी एकदाच विकली जाते, ऑईल दर दोन-तीन महिन्यांनी. विजेच्या गाडीला यातले काहीच लागत नाही. ब्रेक, टायर, बेअरिंग यापलीकडे वर्कशॉपला फारसे काम नाही. मग जी वस्तू आपली पुढची कमाई बुडवते तिचे गुण दुकानदार आपल्या तोंडाने कशाला सांगेल? युरियाबरोबर नको असलेले खत गळ्यात मारणारा दुकानदार आपल्याला ठाऊक आहे. त्याला आपण 'लिंकिंग' म्हणतो. हेही लिंकिंगच आहे, फक्त मोटारसायकलच्या दुकानातले.

हिशेब एका आकड्यावर अडतो

आता आपला हिशेब करू. रोज ३० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ९,००० किलोमीटर. पेट्रोलची गाडी लिटरला ४५ किलोमीटर देते असे धरले तर २०० लिटर पेट्रोल. लिटरला शंभर रुपये धरले तर २०,००० रुपये.

विजेच्या गाडीची बॅटरी तीन युनिटची धरू. चार्जिंगमधली तूट धरून साडेतीन युनिट वीज लागेल. घरगुती वीज युनिटला दहा रुपये धरली तर ३५ रुपये. तेवढ्यात आमच्या रस्त्यावर ८० किलोमीटर झाले, तर ९,००० किलोमीटरला साधारण ४,००० रुपये. म्हणजे वर्षाला १६,००० रुपये वाचले, ऑईल-पाणी वेगळे.

आकडा मोठा आहे, म्हणून हुरळून जाऊ नका. बॅटरी बदलायला ५०,००० रुपये लागतात असे धरा. ती पाच वर्षांत बसली, तर ८०,००० वाचले त्यातले ५०,००० तिथेच गेले. आठ वर्षे टिकली, तर बचत १,२८,०००. आणि तीन वर्षांतच गेली, तर वाचलेले ४८,००० जाऊन वर दोन हजार खिशातले. म्हणजे ही गाडी परवडते की नाही हे एकाच आकड्यावर ठरते : बॅटरी किती वर्षे टिकेल आणि तोवर जबाबदारी कोणाची. नेमका हाच आकडा दुकानदार लिहून देत नाही! उगवणशक्तीची ओळ खोडून बियाणे विकावे, तसा हा धंदा आहे.

प्रक्षेत्रावरचे पीक आणि शेतातले पीक

आम्ही कृषी विद्यापीठात शिकलो. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एकरी बारा क्विंटल देणारे वाण आमच्या मुरमाड रानात चार क्विंटलवर येते, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. वाण खोटे नसते. पण तिथे पाणी, खत, मजूर सगळे वेळेवर असते, आपल्या शेतात नसते.

जाहिरातीतले किलोमीटर तसेच असतात. ते ठरावीक चाचणीत मोजलेले. तिथे ना बैलगाडीच्या चाकोरीचा रस्ता, ना समोरचा वारा, ना मागे बायको-पोर आणि पुढे खताची बॅग. आपल्या वापरात त्या आकड्याचा पाऊण भाग मिळाला तरी नशीब समजा. दीडशेची गाडी शंभर-सव्वाशे चालली तर आमची तक्रार नाही. चाचणीचा आकडा शेतातला म्हणून सांगितला, ही आमची तक्रार आहे.

उन्हाचेही तसेच. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. उन्हातून तापून आलेली गाडी तशीच चार्जिंगला लावू नये, सावलीत थंड होऊ द्यावी. ही अक्कल द्यायला पदवी लागत नाही, दोन मिनिटे लागतात. तेवढीही दुकानदार देत नाही. पुढे बॅटरी बसली की तोच म्हणतो, "तुम्ही नीट वापरली नाही."

लायसन नको, पासिंग नको!

या वाक्याला आमची पोरे सर्वांत जास्त फसतात, म्हणून नीट ऐका. लायसन आणि पासिंगची सूट खरी आहे, पण कोणत्या गाडीला? मोटर २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, अशी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून पास केलेली गाडी असेल तर. वेगात ती सायकलीची मोठी बहीण. पण दुकानदार कागद २५ च्या वेगाचा दाखवतो आणि एक वायर काढून किंवा कंट्रोलर बदलून गाडी ४५-५० ने पळवून दाखवतो. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने असे बेकायदा फेरफार केलेल्या ई-बाईकविरुद्ध राज्यभर मोहीम काढली होती.

पोलिसाने पकडले तर दंड भरून सुटाल. पण त्या गाडीने कोणाला उडवले तर? पासिंग नाही, विमा नाही. नुकसानभरपाई भरायची ती मालकाने. दुकानदार वायर काढून मोकळा, शेत विकायची पाळी तुमच्यावर.

शेतातल्या मोटारीच्या लाईनवर चार्ज करण्याचा सल्लाही असाच. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना लागू झाली. ती वीज पंपासाठी आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर २००३ च्या वीज कायद्याखाली अनधिकृत वापराची कारवाई होऊ शकते. वर्षाचे चार हजार वाचवायला सांगणारा हा माणूस कारवाईच्या दिवशी तुमच्या बाजूने उभा राहणार आहे काय?

सबसिडी कोणाची, भुर्दंड कोणाला

"उद्यापासून सबसिडी बंद, आजच बुक करा!" ही हाळी गेली काही वर्षे सारखी ऐकू येते. तिच्यात अर्धे सत्य आहे. केंद्राच्या योजनेत दुचाकीला बॅटरीच्या दर युनिटमागे १५,००० रुपये मिळत होते. १ जून २०२३ पासून ते १०,००० झाले आणि किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंतची मर्यादा १५ टक्क्यांवर आली. एप्रिल २०२४ मध्ये ५,००० झाले. सरकारने धोरण असे दर वर्षी बदलायचे आणि दुकानदाराने त्याच्या भीतीवर धंदा करायचा. घाईत केलेला सौदा कधी स्वस्त पडतो काय?

हा पैसा कंपनीला मिळतो आणि तिने तो किमतीतून वजा करायचा असतो. त्याचे काय झाले पाहा. योजनेतल्या किमतीच्या मर्यादेत बसावे म्हणून काही बड्या कंपन्यांनी चार्जरचे पैसे वेगळे लावले. गवगवा झाला आणि २०२३ मध्ये ते गिऱ्हाईकांना परत द्यायचे त्यांना कबूल करावे लागले. देशी भागांची अट मोडली म्हणून सरकारने सात कंपन्यांकडून ४६९ कोटी रुपये परत मागितले. त्यांतल्या एका जुन्या कंपनीवर डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. तिच्या तीन-तीन वर्षांच्या वॉरंटीचे कागद ज्यांच्या ट्रंकेत आहेत त्यांनी काय करायचे? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशातल्या आणखी एका बड्या कंपनीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस दिली. वर्षभरात तिच्याविरुद्ध दहा हजारांहून अधिक तक्रारी ग्राहक हेल्पलाईनवर आल्या होत्या.

आणि कोटेशनवरच्या दोन ओळी तपासा : 'आरटीओ खर्च' आणि 'हँडलिंग'. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या दुचाकीला मोटार वाहन कर माफ आहे. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्येच विजेच्या गाड्यांची नोंदणी प्रमाणपत्राची फीही माफ केली. मग हे हजारो रुपये कशाचे? सरकारी पावती मागा. पावती नसेल तर पैसाही नाही.

हप्त्याचेही ऐका. एक लाखाचे कर्ज, 'फक्त दहा टक्के' व्याज, तीन वर्षे. फायनान्सवाला पूर्ण लाखावर तीन वर्षांचे ३०,००० व्याज लावतो आणि महिन्याला ३,६११ रुपयांचा हप्ता पाडतो. मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. खरा दर पडतो साधारण अठरा टक्के.

दुकानदाराची बाजू

दुकानदार आम्हाला म्हणतात, "कंपनी आमच्या गळ्यात माल मारते, पार्ट पाठवत नाही, वॉरंटीचे पैसे महिनोन् महिने अडकवते. शिव्या मात्र आम्ही खातो." यात तथ्य आहे. तालुक्याचा दुकानदार हा आमच्यासारखाच मधला माणूस. वरून कंपनी दाबते, खालून गिऱ्हाईक. पण म्हणून त्याने खोटे बोलावे काय? कंपनी लिहून देत नसेल तर त्याने आमच्याबरोबर कंपनीकडे लेखी मागावे. प्रामाणिक दुकानदाराचे यात नुकसान नाही, फायदाच आहे. लेबल नसेल तिथे बोगस बियाणे आणि चांगले बियाणे एकाच भावात विकले जाते, आणि चांगला विकणारा आधी बुडतो.

आपण काय करायचे

एकट्याने शोरूममध्ये जाऊ नका. चार-पाच जण मिळून जा. गाडी चालवणारी बाई असेल तर प्रश्न तिनेच विचारायचे. खालील आठ गोष्टी कोटेशनवर लिहून, सही-शिक्क्यासह मागा.

१. बॅटरी किती युनिटची आणि कोणत्या जातीची, लिथियमची की शिशाची?
२. चाचणीतले किलोमीटर किती? दोन माणसे बसवून खराब रस्त्यावर किती?
३. बॅटरीची वॉरंटी किती वर्षे, किती किलोमीटर? क्षमता किती टक्क्यांवर उतरली म्हणजे ती खराब समजणार?
४. वॉरंटी संपल्यावर आजच्या भावाने नवी बॅटरी कितीला?
५. जवळचे दुरुस्ती केंद्र किती किलोमीटरवर? गाडी बंद पडली तर उचलून कोण नेणार?
६. चार्जर किमतीत आहे की वेगळा?
७. गाडी पासिंगची आहे की बिगरपासिंगची? बिगरपासिंगची असेल तर चाचणी प्रमाणपत्राची नक्कल.
८. सबसिडी किती वजा केली आणि 'आरटीओ', 'हँडलिंग'चे पैसे कशाचे?

लिहून देईल त्याच्याकडे घ्या. देत नसेल त्याच्या दुकानातून सगळ्यांनी एकदम उठा. पाच गिऱ्हाईके एका दमात उठून गेली की 'सिस्टीम' आपोआप तयार होते.

फसला असाल तर रडत बसू नका. ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. बिल न देणे आणि खोटा दावा करून माल विकणे या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहेत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनी बंगलोरची असो की दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांनी बॅटरीची गाडी घेतली आहे त्यांनी बिल, वॉरंटीचा कागद आणि मिळाले असेल तर कोटेशन घेऊन यावे. गाडी चांगली चालली असेल त्यांनी तर जरूर यावे. खरे किलोमीटर किती, बॅटरी किती टिकली, कोणत्या दुकानदाराने शब्द पाळला, याची गाववार वही आपण करू. कंपनी लेबल लावत नाही तोवर ही वहीच आपले लेबल.

त्या ताईने अजून गाडी घेतलेली नाही. आठ प्रश्नांचा कागद तिने दुसऱ्या दुकानदाराच्या टेबलावर ठेवला आहे. आठ दिवसांत लिहून देतो म्हणाला आहे. नवव्या दिवशी ती पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी चौघे नाही, गावातल्या पंचवीस जणी बरोबर असतील.